उत्तर थायलंडमधील पाळीव हत्ती आणि नवे विहार : छायाचित्रणाविषयी सल्ला हवा आहे

रानवाटा :
नमस्कार. येत्या मार्चमध्ये दहा दिवस चियांग माई आणि चियांग राय या भागात केवळ छायाचित्रणासाठी जाण्याचा माझा विचार आहे. माणसाळवलेले हत्ती आणि गेल्या तीसेक वर्षांत उभे राहिलेले बौद्ध विहार हे दोन विषय मनात आहेत. 2025 मध्ये नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीवरून कोल्हापूर जिल्ह्यात जो क्षोभ उसळला तो मी जवळून पाहिला. हत्तीवर जीव लावणारी माणसे आणि त्याच्या यातनांकडे बोट दाखवणारी माणसे, दोघेही खरे बोलत असू शकतात, हे तेव्हापासून मनात घर करून आहे. कॅम्पमध्ये पैसे भरून काढलेले हत्तीचे छायाचित्र प्रामाणिक असू शकते का? आणि ज्याने अजिंठा पुन्हा पुन्हा पाहिला आहे, त्याने सिमेंट आणि आरशांच्या विहारांसाठी वेळ द्यावा का?

पाऊलखुणा :
सर्वांत आधी महिना बदलावा अशी विनंती आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत तिकडे शेतातील पालापाचोळा आणि जंगल जळत असते, धुरामुळे चियांग माईतून समोरचा डोंगरही दिसेनासा होतो आणि सारा प्रकाश मळकट होतो. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम.

आता हत्तींविषयी. नोव्हेंबर 1988 मध्ये दक्षिण थायलंडमध्ये भीषण पूर आला, तोडलेल्या ओंडक्यांसह डोंगर गावांवर कोसळले, आणि 1989 च्या आरंभी सरकारने जंगलतोडीवर बंदी घातली. जंगलासाठी ते योग्यच झाले. परंतु लाकूड ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत यांचे काम त्यामुळे सुटले. हत्तीला रोज दीडशे ते दोनशे किलो चारा लागतो, तो कोठून आणायचा? काही जण हत्ती घेऊन शहरांच्या रस्त्यांवर भीक मागू लागले, बाकीचे पर्यटकांच्या कॅम्पकडे वळले. आपल्या गडचिरोलीतील कमलापूरचे हत्तीही वनखात्याच्या लाकूडकामासाठीच होते, म्हणून ही गोष्ट मला परकी वाटली नाही. थायलंडच्या कायद्यात पाळीव हत्ती आजही 1939 च्या ओझ्याच्या जनावरांविषयीच्या कायद्याखाली येतो, बैल आणि घोड्यांच्या रांगेत.

छायाचित्रकाराची खरी अडचण मात्र वेगळी आहे. साखळी दिसली म्हणजे छळ आणि साखळी नाही म्हणजे सुख, असे आपण समजतो. ते दोन्ही चुकीचे ठरू शकते. शेजारच्या शेतात शिरू नये म्हणून चांगल्या ठिकाणीही हत्ती रात्री बांधला जातो. उलट जेथे साखळी कोठेच दिसत नाही, तेथील हत्तीला लहानपणी ‘फाजान’ या क्रूर पद्धतीने वठणीवर आणलेले असू शकते. शिवाय एकाच जागी उभे राहून तासन्‌तास डोके आणि सोंड डोलावत राहणे हे मानसिक कोंडमाऱ्याचे लक्षण असते, आणि स्थिर छायाचित्रात नेमके तेच हरवते. माझ्याकडे एका हत्तिणीचे अत्यंत शांत दिसणारे छायाचित्र आहे. ती प्रत्यक्षात सकाळभर डोलत होती, म्हणून ते मी कोणालाही दाखवत नाही. आपण पहिला तास कॅमेरा पिशवीतच ठेवावा, माहुताशी बोलावे (उत्तरेत त्यांपैकी पुष्कळ जण करेन या डोंगरी समाजाचे असतात), आणि त्याची अनुमती घेऊन त्याला, अंकुशाला, साखळीला चौकटीत राहू द्यावे.

सह्यकडा :
वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु सवारी आणि अंघोळ हे दोन्ही प्रकार असलेल्या ठिकाणी एक बाथही (थाई चलन) देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवसातून अनेक वेळा नव्या पर्यटकांसाठी पाण्यात उतरणे ही हत्तीची इच्छा नसते. जानेवारी 2025 मध्ये को याओ बेटावर अशीच अंघोळ घालताना एका स्पॅनिश तरुणीचा हत्तीच्या हल्ल्यात जीव गेला. लांब लेन्स घ्यावी आणि जेथे हत्ती आपल्यापासून दूर जाऊ शकतो अशीच जागा निवडावी. कॅम्पवर सरसकट बहिष्कार घाला असे मात्र मी म्हणणार नाही, कारण 2020 मध्ये पर्यटक थांबले तेव्हा उपासमारीच्या भीतीने कित्येक माहुतांना हत्तींसह डोंगरातील आपल्या गावांकडे पायी परतावे लागले होते.

उजेड :
विहारांविषयी मी लिहितो. वाट रोंग खुन (थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे विहार), म्हणजे चियांग रायचा पांढरा विहार, चालेर्मचाय कोसितपिपत या चित्रकाराने 1997 मध्ये आपल्याच गावात उभारायला घेतला. 2014 च्या भूकंपात त्याची हानी झाली, तरी काम थांबले नाही. पांढरा रंग बुद्धाची निर्मळता आणि आरशांचे तुकडे प्रज्ञेचा प्रकाश, अशी त्याची धारणा आहे. मुख्य सभागृहात छायाचित्रणास मनाई आहे. आतील भिंतींवर बुद्धाबरोबर आजच्या चित्रपटांतील नायकही आहेत, ते डोळ्यांनीच पाहावे लागतात. त्याच्याच शिष्याने रचलेला निळा विहार, वाट रोंग स्युआ तेन, 2016 मध्ये पूर्ण झाला. चियांग माईत वुआलाय भागातील कारागिरांनी ठोकून घडवलेला चांदीचा विहार आहे. त्याच्या गाभ्यात स्त्रियांना प्रवेश नाही, हे सोबत्यांना आधीच सांगावे.

एक्स्पोजरची गंमत अशी की पांढऱ्या विहाराला कॅमेरा राखाडी करतो, म्हणून एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, प्रकाश वाढवावा लागतो, आणि काळसर हत्तीला तो फिकट करतो, म्हणून थोडे कमी करावे लागते.

आपले दोन विषय मला वेगळे वाटत नाहीत. चियांग माईजवळच्या दोई सुथेप डोंगरावरील सोनेरी चैत्य, बुद्धाचा अस्थिधातू पाठीवर घेऊन चढलेला पांढरा हत्ती जेथे तीनदा चीत्कारून कोसळला, तेथे बांधला अशी कथा आहे. आणि आठवड्याच्या वारांनुसार मांडलेल्या बुद्धमूर्तींत बुधवार सायंकाळची मूर्ती आवर्जून शोधावी : बुद्ध बसलेले, एक वानर मधाचे पोळे देत आहे आणि पारिलेय्यक हत्ती पाणी आणून देत आहे. तो हत्ती कळप सोडून स्वतः आलेला होता.

रानवाटा :
सर्वांचे मनापासून आभार. प्रवास डिसेंबरवर ढकलला आहे. अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यातील छद्दंत, म्हणजे जातककथेतल्या सहा सुळ्यांच्या, हत्तीच्या चित्रासमोर मी अनेकदा उभा राहिलो आहे. आता सुरुवात बुधवार सायंकाळच्या मूर्तीपासून करीन आणि कॅम्पमध्ये नंतर जाईन. निळ्या विहारात आत ट्रायपॉड लावू देतात का, हे कोणी अलीकडे जाऊन आले असल्यास कृपया कळवावे.