कोवळ्या घोड्याला किती वेळा पळवायचं?

कोपरीकर
माझे वडील साईस होते. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्याबरोबर तबेल्यात जायचो. तिथला एक तीन वर्षांचा तांबडा घोडा अजून डोळ्यांसमोर आहे. वडिलांनी पुढच्या पायाच्या नळीवरून, म्हणजे गुडघ्याखालच्या हाडावरून, बोटं फिरवली की तो पाय झटकन उचलून घ्यायचा. मीही हात लावून पाहिला, नळी गरम लागली. आठ दिवसांनी त्याला परत शर्यतीत उतरवलं.

म्हणून मला वाटतं, घोडा चार वर्षांचा होईपर्यंत दोन शर्यतींमध्ये निदान पाच आठवडे जायलाच हवेत. वयाचा हिशेबही फसवा आहे. उत्तर गोलार्धात शर्यतीचे सगळे घोडे १ जानेवारीला एक वर्षाने मोठे धरतात. एप्रिलअखेर जन्मलेलं शिंगरू कागदावर दोन वर्षांचं होतं, तेव्हा खरं तर वीस महिन्यांचं असतं.

नेरूळचा पशुवैद्य
कोपरीकर, तुमचा कळवळा पोचला, पण उपाय पटत नाही. हाडावर भार पडला की ते त्या भाराजोगं घट्ट होत जातं, आणि हे काम कोवळ्या वयात सगळ्यात चांगलं होतं. घोडा नुसता बांधून ठेवलात तर वय वाढेल, नळी कच्चीच राहील. दोन वर्षांचे असताना पळू लागलेले घोडे उशिरा सुरुवात केलेल्यांपेक्षा जास्त वर्षं टिकल्याचं ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांत दिसलं आहे.

कोपरीकर
डॉक्टर, जे मुळात दणकट असतात तेच दोन वर्षांचे असताना मैदानात पोचतात. मग तेच जास्त टिकले यात नवल काय? आणि बांधून ठेवा असं मी म्हटलंच नाही. पळवा, पण दोन शर्यतींत श्वास घ्यायला वेळ द्या.

घणसोलीवाला
माझं आजोळ साताऱ्याकडचं. तिकडे शर्यतीच्या बैलाचं वय दातांवर ठरतं. सगळे दुधाचे दात असले तर आदत, दोन पक्के आले की दुसा, चार आले की चौसा. घोड्याचेही पुढचे दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडू लागतात. म्हणजे दोन वर्षांचा घोडा आदतच की! आदत बैलाला चौशाशी झुंजवलेलं माझ्या मामाला कधीच खपलं नाही. मी कोपरीकरांच्या बाजूने.

उपवनजवळ
मी विरुद्ध बाजूने. अमेरिकेत केंटकी डर्बी, दोन आठवड्यांनी प्रीकनेस आणि पुढे तीन आठवड्यांनी बेलमाँट, अशा तीन मोठ्या शर्यती तीन वर्षांच्या घोड्यांसाठी असतात. १९७३ मध्ये सेक्रेटेरिएटने तिन्ही जिंकल्या, आणि तिसरी तर घोड्याच्या ३१ लांब्यांनी! पाच आठवड्यांत तिसऱ्यांदा पळून! खऱ्या घोड्याचा कस असाच लागतो. शर्यतींमधले दिवस वाढवले तर त्या पराक्रमाला अर्थ काय उरला?

कोपरीकर
सेक्रेटेरिएट एकच झाला, दादा. नियम त्याच्या मापाने कापायचे का? २०२५ चं बघा. सॉव्हरिनिटीने केंटकी डर्बी जिंकली, मालकांनी प्रीकनेस सोडून दिली, आणि ताज्या पायांनी त्याने बेलमाँट मारली. आपल्या मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची असते, तिची रंगत काही कमी होत नाही.

नेरूळचा पशुवैद्य
इथे जरा थांबा. केंटकी डर्बी मे महिन्यात, आपली फेब्रुवारीत. एक वर्ष मोठे हे कागदावर, फरक खरा नऊ महिन्यांचा. तुमचाच १ जानेवारीचा मुद्दा तुमच्यावर उलटतो.

आणि मुख्य गोष्ट राहूनच जातेय. नळीला बारीक चीर जाते ती शर्यतीच्या दीड-दोन मिनिटांत एकदम नाही. रोज पहाटेच्या भरधाव फेऱ्यांनी ती आत साठत जाते. शर्यती कमी केल्यात आणि ट्रेनरने पहाटेचा वेग वाढवला, तर घोडा तिथेच जायबंदी होईल. तिथे तर बघायला प्रेक्षकही नसतात.

कोपरीकर
हे मान्य. मग पहाटेच्या भरधाव फेऱ्याही मोजा आणि वहीत लिहा. शर्यतीच्या आदल्या दिवशी डॉक्टरने नळीवर हात फिरवूनच घोडा सोडावा. पण पाच आठवड्यांचं अंतर मी सोडत नाही. तपासायला, थंड करायला, दुखणं उघड व्हायला तेवढा वेळ लागतोच.

घणसोलीवाला
त्या तांबड्या घोड्याचं पुढे काय झालं?

कोपरीकर
त्या दिवशी तो दुसरा आला. रात्री वडील बराच वेळ बादलीत बर्फ घालून त्याचा पाय धरून बसले होते. पुढच्या सुट्टीत मी गेलो, तेव्हा त्याच्या ठाणावर दुसरा घोडा बांधलेला होता. वडिलांना विचारायचा धीर झाला नाही.