अनुभव धागा : ख्रिस्ती विश्वास, मनाची शांती आणि स्वतःचे मोल

धागाकर्ती, पुणे

अकरा वर्षे शिकवल्यानंतर एका खासगी शाळेने मला दोन ओळींचे पत्र देऊन कामावरून कमी केले, तेव्हा पगार बंद झाल्याच्या चिंतेपेक्षा ‘आता आपण कोणाच्याच उपयोगाचे उरलो नाही’ ही भावना अधिक खोल रुतली. त्या दिवसांत मी बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय रोज पहाटे वाचत असे. अगदी कवडीमोलाने विकल्या जाणाऱ्या चिमण्यांपैकी एकही पित्याच्या नकळत जमिनीवर पडत नाही आणि तुमचे मोल पुष्कळ चिमण्यांहून अधिक आहे, असे येशू ज्यांना सांगतो, ते शिष्य त्या वेळी लांडग्यांमध्ये मेंढरांसारखे पाठवले जात असतात, हे इतकी वर्षे वाचूनही माझ्या ध्यानात आले नव्हते. छळ टळेल, असे त्या अध्यायात कोठेही म्हटलेले नाही. तरीही त्या वाचनानंतर मला घराबाहेर पडण्याचे बळ येई. आपणही आपले अनुभव लिहावेत, ही विनंती.

नगर

आमचे पणजोबा नगर जिल्ह्यातील एका खेड्यात गावकुसाबाहेर राहत. पाणी प्यायचे तर ओंजळ धरून, वरून कोणी ओतेपर्यंत ताटकळावे लागे. बाप्तिस्मा घेतल्यानंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस घेण्याच्या विधीला, सर्वांनी एकाच प्याल्यातून घेतले, हे ते म्हातारपणी सांगू लागले की त्यांचे दोन्ही हात प्याला धरल्यासारखे आपोआप वर येत, असे आजी सांगत असे. ख्रिस्ती मंडळीतूनही जात पुरती गेलेली नाही, याचे मला दुःख आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीचा दर्जा आम्हाला मिळत नाही, आणि ‘धान्यासाठी बाटलेले’ हा शेरा मी कार्यालयातही ऐकला आहे. पूर्वी तसे काही कानांवर पडले की रात्रभर झोप लागत नसे. आता रविवारी टाळ-मृदंगाच्या साथीने मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने म्हणताना मला पणजोबांचे ते हात आठवतात, आणि माझ्या माणूसपणाचा निवाडा त्या सहकाऱ्याच्या हाती नाही, हे मनाला नव्याने पटते.

वसई

लग्नाला चौदा वर्षे झाली, मूल नाही. बारशाचे आमंत्रण देताना लोक माझ्यापाशी येऊन अडखळतात. रोज संध्याकाळी सासूबाई आणि मी जपमाळेची प्रार्थना करतो. पाचवे रहस्य, म्हणजे त्या प्रार्थनेचा शेवटचा भाग, संपले की त्या घरातील प्रत्येकाचे नाव घेतात, आणि माझे नाव सर्वांत आधी घेतात. मुलाविषयी त्यांनी मला आजवर एका शब्दानेही विचारलेले नाही.

नाशिक

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. दोन वर्षांपूर्वी मला नैराश्याने ग्रासले. अंघोळ करणे, फोन उचलणेसुद्धा जमेना. ‘तुमची प्रार्थना कमी पडते आहे’ असे मंडळीतील काही जणांनी सद्भावनेनेच सांगितले, आणि त्यामुळे आजाराच्या जोडीला अपराधाचे ओझेही आले. मला सावरले ते आमच्या मंडळीच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी. त्यांनी मला बायबलमधील १ राजे या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय वाचून दाखवला. त्यात ‘आता माझा प्राण घे’ असे म्हणून झुडपाखाली आडव्या झालेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूत एका शब्दानेही रागावत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा घडा उशाशी ठेवतो, खायला सांगतो आणि पुन्हा झोपू देतो. वाचून झाल्यावर पाळकसाहेब स्वतः मला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. आजही औषधे चालू आहेत. रात्री गोळी घेताना पाण्याचा पेला हातात असतो, तेव्हा मी त्या घड्याबद्दल देवाचे आभार मानतो आणि दिवा मालवतो.