डिटेक्टरच्या भरवशावर मुलांना दोषी ठरवू नका

चॅटजीपीटीकडून लिहून आणलेले निबंध पकडायला प्रत्येक शाळेने डिटेक्टर सॉफ्टवेअर घ्यावं, असं काही जण सुचवतात. घरून आणलेल्या निबंधावर आता पूर्वीसारखं विसंबता येत नाही, हे मान्य. पण डिटेक्टरवर तरी कुठे विसंबता येतं? चॅटजीपीटी बनवणाऱ्या खुद्द ओपनएआय कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये असं साधन आणलं होतं. त्यांच्याच चाचणीत एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी जेमतेम २६ टक्के त्याला ओळखता आला, आणि माणसांनी लिहिलेल्यापैकी ९ टक्के त्याने एआयच्या नावावर टाकला. अचूकता कमी म्हणून सहा महिन्यांत ते बंद केलं.

मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले निबंध त्यांना दिले, तर सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे ठरले! कारण पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो, यावर हे डिटेक्टर बरंचसं ठरवतात. शब्दसंग्रह मर्यादित असलेलं मूल साधी, सरळ वाक्यं लिहितं आणि नेमकं तेच संशयात सापडतं. प्रामाणिकपणे धडपडून परक्या भाषेत लिहिणाऱ्या मुलाला आपण चोर म्हणणार का? त्यापेक्षा निबंधाचा कच्चा खर्डा मागवा, शिक्षकांना त्या मुलाशी पाच मिनिटं त्याच विषयावर बोलू द्या. मोठ्या वर्गात हे जड जाईल, पण सॉफ्टवेअरचे पैसे शिक्षकांना तेवढा वेळ मिळवून देण्यावर खर्च करता येतील.