मदत हवी आहे : केंद्राच्या शिक्षण परिषदेत तंत्रज्ञानाच्या साहाय्याने अध्यापनाचे प्रशिक्षण कसे आखावे?

सर्वांना नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकच्या सीमेलगतच्या एका जिल्हा परिषद प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. तंत्रज्ञानाच्या साहाय्याने अध्यापन या विषयावर येत्या शैक्षणिक वर्षात आमच्या केंद्राच्या (जवळपासच्या काही शाळांच्या गटाच्या) मासिक शिक्षण परिषदांमधून, म्हणजे शिक्षकांच्या बैठकांमधून, सलग मार्गदर्शन व्हावे, असे केंद्रप्रमुखांनी ठरवले असून सुलभक म्हणून त्याची जबाबदारी माझ्याकडे आणि शेजारच्या शाळेतील एका सहकाऱ्यांकडे दिली आहे. विषय माझ्या जिव्हाळ्याचा असल्यामुळे तो केवळ उरकून टाकावा असे मला वाटत नाही. आराखडा करताना मात्र आम्ही दोघेही काही ठिकाणी अडलो आहोत आणि ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांचा सल्ला आम्हाला हवा आहे.

आधी परिस्थिती सांगते. केंद्रातील बहुतेक शाळा द्विशिक्षकी आहेत, त्यामुळे एका शिक्षकाला एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळाव्या लागतात. लोकवर्गणीतून आलेला टीव्ही किंवा प्रोजेक्टर जवळपास प्रत्येक शाळेत आहे. इंटरनेट मात्र शिक्षकांच्या स्वतःच्या मोबाइलवरच चालते आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. बऱ्याच मुलांच्या घरी कन्नड बोलली जाते, शाळेचे माध्यम मराठी आहे. शिक्षकांमध्ये नुकतेच रुजू झालेले तरुण आहेत, तसेच निवृत्तीच्या जवळ आलेल्या, वर्गावर उत्तम पकड असलेल्या, पण उतरवून घेतलेली फाइल मोबाइलमध्ये शोधताना अस्वस्थ होणाऱ्या ज्येष्ठ बाईही आहेत.

प्रशिक्षणांची वानवा आहे असे मुळीच नाही. डिजिटल शैक्षणिक साहित्याचे सरकारी दीक्षा ॲप २०१७ पासून आपल्या हाती आहे, शिक्षकांसाठीचे केंद्र सरकारचे निष्ठा प्रशिक्षण २०१९ मध्ये सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ऑनलाइनही आले, आणि प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सांगते. तास भरतात, प्रमाणपत्रेही मिळतात. परंतु मी उपस्थित राहिलेल्या एका प्रशिक्षणात दिवसभर एकामागून एक ॲप पडद्यावर दाखवण्यात आली, प्रत्येकाची लिंक व्हॉट्सॲप गटावर आली, शेवटी अभिप्राय पत्रक भरून घेण्यात आले, आणि त्यांपैकी कोणते साधन कोणत्या घटकासाठी, तासाच्या कोणत्या टप्प्यावर आणि कशासाठी वापरायचे, यावर दिवसभरात चर्चा झाली नाही. अशा प्रशिक्षणानंतर वर्गात फार तर कवितेचे व्हिडिओ वाढतात. मुलांना ते आवडतात, हे खरे आहे, पण शिकण्यात त्यामुळे काय फरक पडला हे कोणी पाहत नाही.

माझा मुद्दा स्पष्ट व्हावा म्हणून पाचवीच्या गणिताच्या तासातील एक अनुभव देते. १/२ आणि १/३ यांपैकी मोठा अपूर्णांक कोणता, असे विचारल्यावर वर्गातील बहुतेक मुलांनी १/३ सांगितले, कारण २ पेक्षा ३ मोठा. भाकरीचे समान भाग करून दाखवणारा एक चांगला व्हिडिओ मी टीव्हीवर लावला. तो संपल्यावर सर्वांनी १/२ मोठा असे एका सुरात सांगितले, मात्र लगेच १/४ आणि १/५ विचारताच उत्तर पुन्हा १/५ आले. दुसऱ्या दिवशी मी कोलोराडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातील अपूर्णांकांचे सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर आकडे बदलून परिणाम पाहता येणारी प्रतिकृती, आधीच उतरवून ठेवले होते. या वेळी मी काहीही समजावून सांगितले नाही. छेद एकाने वाढवला तर तुकडा मोठा होईल की लहान, हे आधी वहीत लिहायचे, शेजारच्याला कारण सांगायचे आणि मगच एकाने पुढे येऊन बटण दाबायचे, एवढाच नियम ठेवला. मागच्या रांगेतील एक मुलगी, जी मराठीत सहसा बोलत नाही, पडद्याकडे बघून आधीच म्हणाली, “सण्ण आगतद, बाई.” लहान होतो, हे तिने बटण दाबण्यापूर्वी सांगितले होते आणि का होतो हेही तिने शेजारणीला कन्नडमध्ये समजावले.

साधन बदलल्यामुळे हे घडले असे मला वाटत नाही. आधी अंदाज, मग चर्चा, मग पडताळा हा क्रम होता म्हणून त्या साधनाचा उपयोग झाला. हाच क्रम नसता, तर ते सिम्युलेशनसुद्धा आणखी एक व्हिडिओ ठरले असते. प्रशिक्षणातून मला शिक्षकांपर्यंत पोहोचवायचा आहे तो हा निर्णय घेण्याचा सराव. पुण्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये मांडलेल्या टीपॅक आराखड्यातही विषयाचे ज्ञान, अध्यापनाचे ज्ञान आणि तंत्रज्ञानाचे ज्ञान ही तिन्ही एकत्र येतात तेथेच चांगला पाठ घडतो, असा विचार आहे. परंतु तो आराखडा शिक्षण परिषदेत फळ्यावर काढून दाखवल्याने कोणाचा पाठ बदलेल, याची मला खात्री वाटत नाही.

म्हणून माझे प्रश्न असे आहेत. वर्षभरात किती साधने घ्यावीत? माझा कल एक किंवा दोनच घेण्याकडे आहे, पण तरुण शिक्षकांना ते अपुरे वाटेल का? परिषदेत शिकलेली गोष्ट शिक्षकांनी स्वतःच्या वर्गात करून पाहावी आणि ती कोणीतरी पाहावी, असे वाटते. मात्र वर्गात कोणी आले की शाळा तपासणी आली असे वातावरण होते, ते कसे टाळावे? द्विशिक्षकी शाळेतील शिक्षक दुसऱ्याचा वर्ग पाहायला बाहेर पडले, तर त्यांच्या मुलांकडे कोणी पाहायचे? आणि अभिप्राय पत्रकाखेरीज प्रशिक्षणाचा परिणाम मोजण्याची साधी, कागदपत्रे न वाढवणारी पद्धत कोणती? कार्यालयीन टपालाची उत्तरे देण्यात आणि ऑनलाइन माहिती भरण्यात शिक्षकांचा आधीच बराच वेळ जातो, त्यामुळे त्यात भर घालणारा कोणताही उपाय आमच्याकडे टिकणार नाही.

प्रतिसाद : निवृत्त अधिव्याख्याता, शिक्षक प्रशिक्षण

ताई, आपण प्रश्न योग्य ठिकाणी धरला आहे. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या सुमारास सेवांतर्गत प्रशिक्षणांचा अभ्यास करून दाखवले होते की व्याख्यान आणि प्रात्यक्षिक यांनी शिक्षकाला गोष्ट समजते, परंतु ती वर्गात उतरण्यासाठी सराव, त्यावरचा अभिप्राय आणि नंतर वर्गात कोणाची तरी सोबत लागते. आपल्याकडे पहिल्या दोन पायऱ्यांवर सगळा वेळ खर्च होतो आणि सोबतीपर्यंत आपण पोहोचतच नाही.

तपासणीच्या भीतीवर जपानमधील पाठ-अभ्यासाची पद्धत विचारात घ्यावी. तेथे काही शिक्षक मिळून एकच पाठ आखतात, त्यांपैकी एक जण तो शिकवतो आणि इतर जण निरीक्षण करतात, पण ते शिक्षकाचे नव्हे, तर मुलांचे. कोणते मूल कोठे अडले, काय बोलले, काय लिहिले, एवढेच टिपायचे. पाठ सर्वांनी मिळून आखलेला असल्यामुळे तो फसला तरी दोष एकट्याच्या माथी येत नाही. ज्या शाळेत शिक्षण परिषद भरते, त्याच शाळेच्या एखाद्या वर्गावर तो पाठ परिषदेच्या सुरुवातीला घेतला, तर कोणालाही वेगळे बाहेर पडावे लागणार नाही. केंद्रप्रमुखांना मात्र आधी विनंती करावी की या तासाची नोंद त्यांनी भेटीच्या शेरेबुकात घेऊ नये.

प्रतिसाद : प्राथमिक शिक्षक, बार्शी तालुका

मॅडम, साधने दोनच ठेवा, या मताशी मी पूर्ण सहमत आहे. निवड करताना इंटरनेटशिवाय चालते का, हा पहिला निकष असावा. फेटची सिम्युलेशन्स आणि जिओजेब्रा हे गणिताचे सॉफ्टवेअर आधी उतरवून ठेवता येतात, दीक्षावरील साहित्यही मोबाइलमध्ये साठवता येते. एखाद्या शाळेत जुना लॅपटॉप असेल तर कोलिब्री हे शैक्षणिक सॉफ्टवेअर पाहावे. ते इंटरनेट नसलेल्या शाळांसाठीच तयार केलेले आहे आणि त्यातील साहित्य पेनड्राइव्हवरून एका शाळेतून दुसऱ्या शाळेत नेता येते. ते बसवण्यात अडचण आली तर जरूर कळवा.

मुलांची उत्तरे गोळा करण्यासाठी प्लिकर्सची कार्डे उपयोगी पडतात. प्रत्येक मुलाच्या हातात छापील कार्ड असते, कार्ड ज्या बाजूने वर धरले ते त्याचे उत्तर, आणि शिक्षकाच्या एकाच मोबाइलचा कॅमेरा सर्व कार्डे वाचतो. मुलांकडे मोबाइल असण्याची गरज नाही. हार्वर्डचे एरिक माझूर ज्या पद्धतीने प्रश्न विचारून, शेजाऱ्याशी चर्चा करायला लावून पुन्हा तोच प्रश्न विचारतात, ती आपल्या अपूर्णांकांच्या तासासारखीच आहे. पहिल्या आणि दुसऱ्या वेळच्या उत्तरांतील फरक हेच परिणामाचे मोजमाप ठरेल, त्यासाठी वेगळा कागद करावा लागणार नाही.

कन्नड भाषक मुलांचा उल्लेख आपण केला म्हणून आवर्जून लिहितो. आपल्याच जिल्ह्यातील माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेतील कामासाठी रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा सर्वत्र त्यांच्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडचीच चर्चा झाली. पण मुलांच्या घरच्या भाषेत मजकूर देणे हाही त्या कामाचा मोठा भाग होता. आपल्या प्रशिक्षणात मुलांनी अंदाज आणि कारण कन्नडमध्ये सांगण्याची मोकळीक पाठाच्या आराखड्यातच लिहिलेली असावी, शिक्षकाच्या मर्जीवर सोडू नये.

मूळ धागाकर्तीचे उत्तर

आपणा दोघांचे मनापासून आभार. केंद्रप्रमुखांशी बोलणे झाले. निरीक्षणाच्या तासाची शेरेबुकात नोंद न घेण्यास त्यांनी संमती दिली आहे. पहिल्या परिषदेसाठी आम्ही पाचवीचा अपूर्णांकांचा घटक आणि फेटचे एकच सिम्युलेशन घेत आहोत. तो पाठ शिकवण्यासाठी आम्ही आमच्या केंद्रातील सर्वांत ज्येष्ठ बाईंना विनंती केली आणि त्यांनी ती स्वीकारली. मोबाइल आणि टीव्हीची जोडणी तरुण सहकारी सांभाळतील, प्रश्न कोणता आणि केव्हा विचारायचा हे बाई ठरवतील. अशी जोडी लावल्यास दोघांनाही एकमेकांकडून शिकता येईल, असे वाटते.

आता एकच अडचण शिल्लक आहे. बहुवर्ग अध्यापनात पाचवीचा पाठ चालू असताना त्याच खोलीतील चौथीच्या मुलांना त्याच पडद्यावरून अर्थपूर्ण काम कसे द्यावे, याचा अनुभव कोणाकडे असल्यास कृपया लिहावे. तसेच मुलांचे निरीक्षण टिपण्यासाठी कोणी अर्ध्या पानाचा साधा तक्ता वापरला असेल, तर त्यातील रकाने कोणते होते तेही कळवावे, म्हणजे पहिल्या परिषदेपूर्वी त्याच्या प्रती काढता येतील.