कोजागरीला गच्चीवर काय लावायचं?

सेक्रेटरी, ए-२०३
नमस्कार मंडळी. यंदा कोजागरी रविवारी, २५ ऑक्टोबरला आहे. दूध नेहमीसारखं गच्चीवरच आटवायचं. प्रोजेक्टर सी-४०१ देणार आहेत, पडदा गणपतीतलाच आहे. कार्यक्रम काय ठेवायचा ते उद्यापर्यंत इथेच सांगा. साउंड दहाला बंद, हे धरूनच सुचवा.

सी-१०२
कराओके सोडून काहीही.

बी-५०३
मी सुचवू? ‘साराभाई वर्सेस साराभाई’, ती हिंदी विनोदी मालिका. पहिला सीझन, त्यातले चार भाग निवडून. एक भाग वीस-बावीस मिनिटांचा असतो, आठला लावलं तरी दहाच्या आत आटपतं. आणि त्यातले सासरे इंद्रवदन, म्हणजे सतीश शाह, गेल्या वर्षी २५ ऑक्टोबरलाच गेले. कोजागरी त्याच तारखेला आलीय. मला हे वाचल्या वाचल्या जाणवलं.

ए-१०१ आजोबा
सतीश शाह म्हटल्यावर लिहिणं आलंच. १९८४ साली ‘ये जो है जिंदगी’ लागायचं तेव्हा आमच्या वाड्यात टीव्ही एकच. जागा धरायला पोरं अर्धा तास आधी येऊन बसायची. बाकीची पात्रं तीच, पण हा माणूस दर भागात नवीन कुणीतरी होऊन यायचा. आज कोण होणार, यावर आम्ही ऑफिसात बोलायचो. त्याच्या आदल्या वर्षी ‘जाने भी दो यारों’मध्ये त्याने प्रेताचं काम केलं होतं. प्रेत झाल्यावर एक शब्द न बोलता थिएटर हसवलं. आणि शिकला कुठे? आपल्या लॉ कॉलेज रोडला, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये. तेव्हा त्याच्यासाठी काही करायचं तर पुण्यात करायलाच हवं. फक्त कोजागरीला हिंदी का, एवढाच माझा प्रश्न. आपलं ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आहे की.

बी-५०३
आजोबा, टिपरे मलाही हवंय. दिवाळीनंतर एक रविवार त्यासाठी मागून घेऊ, मी स्वतः सगळं जमवते. पण या तारखेला सतीश शाहच असू देत. आणि यातला मुलगा साहिल, म्हणजे सुमीत राघवन, मराठी रंगभूमीवरचाच माणूस आहे.

सी-४०१
काकू, प्रोजेक्टर नक्की देतो, पण एक विचारू? साराभाई आम्हाला रील्समधून पाठ आहे. सासू माया काय म्हणते, तिचा धाकटा रोसेश कविता कशी म्हणतो, मधुसूदन फूफा कसे ऐकू न आल्यासारखे ‘हैं?’ करतात, सगळं. पाठ असलेलं परत दीड तास बघायचं?

बी-५०३
बरं झालं विचारलंस. थोडं लांब लिहिते, जेवणं झाल्यावर वाचा.

रीलमध्ये मायाचं शेवटचं वाक्य असतं. ‘हे फारच मिडल क्लास आहे’ या अर्थाचं काहीतरी, आणि रील संपतं. पण ते वाक्य कुठून सुटलं? त्याआधी दहा मिनिटं सुनेने, मोनिशाने, काहीतरी वाचवलेलं असतं, दोन-पाच रुपये, नाहीतर फुकट मिळालेली कसली पिशवी. ती आनंदाने ते सांगत येते. माया आधी गोड आवाजात ‘मोनिशा बेटा’ म्हणते, मग एक उपमा काढते, ती उपमा फुलवत नेते, आणि इंद्रवदन तिकडे सोफ्यावर बसून वाट बघत असतो. त्याला ठाऊक असतं आता काय येणार. आपण पहिल्यांदा बघताना मायाकडे बघतो, कारण बोलतेय ती. दुसऱ्यांदा बघशील तेव्हा ती बोलत असताना सतीश शाहांच्या चेहऱ्याकडे बघ. काही करत नाहीत ते. नुसतं ऐकतात. बायकोच्या बोलण्याचा धाक, तिच्या हुशारीचं कौतुक आणि आता हिची खोडी कशी काढू ही घाई, तिन्ही एकाच वेळी दिसतं. हे रीलमध्ये येत नाही, कारण तिथे कॅमेऱ्याने माया धरलेली असते आणि कापणाऱ्याने बाकीचं टाकून दिलेलं असतं.

रत्ना पाठक शाहांचा आवाज तर आठवून बघ. त्या ओरडत नाहीत. तो काळ म्हणजे नोव्हेंबर २००४ ते एप्रिल २००६. संध्याकाळी कुठलंही चॅनल लावलं की सासू भुवया उंचावतेय, सून रडतेय, कट शिजतोय, एकाच चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा जातोय. आणि इथे सासू-सून भांडतात ते वाक्यांनी, मराठी घरात भांडतात तसं. कट नाही, विष नाही, इस्टेट नाही. भांडण संपलं की संध्याकाळी सगळे एकाच दिवाणखान्यात. कफ परेडच्या एकाच मजल्यावर समोरासमोरची दोन घरं. आपल्या सोसायटीतही मुलाचं घर समोर, आईवडिलांचं इकडे, अशी चार-पाच बिऱ्हाडं आहेत. त्यांना तो मधला पॅसेज काय असतो ते मी सांगायला नको.

लिहिणारे आतिश कपाडिया. त्याआधी २००२ ला ‘खिचडी’ त्यांचीच. दिग्दर्शन देवेन भोजानींचं, मधूनच जो दुष्यंत येऊन फ्रिज-मिक्सरचं आतलं सगळं समजावत बसतो तो हाच माणूस. आणखी एक मला फार आवडतं: ‘खिचडी’तली हंसा आणि इथली माया या सख्ख्या बहिणी आहेत, सुप्रिया आणि रत्ना, दीना पाठकांच्या मुली. एकीला काही म्हणजे काही कळत नाही आणि दुसरीला सगळ्यांपेक्षा जास्त कळतं.

त्या वेळी साराभाईला टीआरपी मिळाला नाही, म्हणून बंद झालं. आपणच नाही बघितलं. नंतर पुनःप्रक्षेपणात, यूट्यूबवर लोकांना सापडलं. २०१७ ला हॉटस्टारवर दुसरा सीझन आला, तीच माणसं, पण मी मुद्दाम पहिला म्हणतेय. पहिल्याला सत्तरच्या आसपास भाग मिळाले. माणसं मुरायला वेळ लागतो, तो त्यांना मिळाला. दुसऱ्यात सगळ्यांना घाई झालेली दिसते.

सी-४०१
हे सतीश शाहांच्या चेहऱ्याचं खरंच बघितलं नव्हतं. आत्ता एक भाग लावला. बरोबर आहे काकू. पण एक खटकलं ते सांगतो. रोसेशला त्याचे बाबा बायकी म्हणून जे चिडवत राहतात, त्यावर आज हसू येत नाही.

बी-५०३
मलाही येत नाही. तेव्हा हसले होते, तेही आठवतं. तसे भाग घेऊ नकोस, तू माझ्याबरोबर बसून निवड.

ए-३०४ काकू
मी जरा विरोधात बोलते, राग मानू नका. सासू उठताबसता सुनेला घालूनपाडून बोलते, आणि तिच्या माहेरच्यांना कमी लेखते. याला विनोद म्हणून गच्चीवर सगळ्या मुलांसमोर दाखवायचं? माझ्या सासरी मी हे सोसलंय. मला नव्हतं हसू आलं.

बी-५०३
काकू, राग कसला. तुमचा प्रश्न सगळ्यात खरा आहे. मी पण हा कार्यक्रम पहिल्यांदा बघितला तेव्हा सून म्हणूनच बघितला, २००५ ला लग्न होऊन नागपूरहून इथे एरंडवण्यात आले तेव्हा.

मोनिशाचं नाव आठवतं? ती मूळची मनीषा. नॉयडाची मनीषा सिंग. ‘मनीषा’ फारच साधं म्हणून मायाने लग्नानंतर मोनिशा केलं. पहिल्यांदा मी यावर खूप हसले. दुसऱ्यांदा बघितलं आणि थांबले. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने काय लिहितात? मायाने वेगळं असं काय केलं?

ए-१०१ आजी
ह्यांचा फोन घेऊन लिहिते आहे. माझं माहेरचं नाव कुसुम. ताटात लिहिलं गेलं ते दुसरंच, आणि १९७१ पासून सगळे त्याच नावाने हाक मारतात. आवडतं की नाही ते कुणी विचारलं नाही, मलाही सुचलं नाही. माझी धाकटी बहीण फोनवर कुसुमताई म्हणते तेव्हा क्षणभर वाटतं, कुणाला बोलावतेय.

सी-१०२
आजी 🙏 आईला विचारलं, तिचंही बदललं होतं. मला ४१ वर्षांत माहीत नव्हतं.

ए-३०४ काकू
माझंही.

बी-५०३
काकू, म्हणूनच हे बघावंसं वाटतं. मोनिशाचं नाव बदललं, पण ती बदलली का? सत्तर भागांत माया तिला कफ परेडची करू शकली नाही. ती घासाघीस करायची थांबली नाही, पसारा आवरायला शिकली नाही, तिच्या रडक्या मालिका सोडल्या नाहीत. तिला अपमान कळत नाही असं आपण धरतो, पण तिला कळतो, ती तो फक्त घरभर वागवत फिरत नाही. आणि सासरा कायम तिच्या बाजूने. आपल्या लग्नात आपल्याला असा एक माणूस मिळाला असता तर काकू, तुमचं-माझं वेगळं झालं असतं.

मला भाषेवरून बोलणी बसायची. मी ‘येऊन राहिली’ म्हटलं की आई, म्हणजे सासूबाई, ‘येते आहे’ म्हणायच्या. मी ‘भाजी बनवली’ म्हटलं की ‘भाजी करतात, बनवत नाहीत’. बटाट्याला आलू म्हटलं की नुसत्या बघायच्या. पहिल्याच आठवड्यात त्या मंडईला निघाल्या, मी आतून ओरडले, सांबार आणा. संध्याकाळी त्यांनी हॉटेलातून डबाभर सांबार आणलं. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे त्यांना माहीत नव्हतं, आणि सांबार म्हणजे इथे काय ते मला त्या क्षणी सुचलं नाही. मी आत जाऊन रडले. त्या बाहेर चिडून बसल्या.

त्याच सुमारास आम्ही दोघी एकाच सोफ्यावर बसून साराभाई बघायला लागलो. एकदा माया मोनिशाला तिच्या बोलण्यावरून काहीतरी म्हणाली आणि आई हसता हसता थांबल्या, माझ्याकडे वळून बघितलं. बोलल्या काहीच नाहीत. पण दुसऱ्या दिवशी ‘राहिली’ ऐकून घेतलं. मला अजून ते घर, तो सोफा, सगळं आठवतं.

सेक्रेटरी, ए-२०३
वहिनी, तुमचा हा मेसेज आम्ही घरात मोठ्याने वाचला.

ए-३०४ काकू
मी येईन. शेवटच्या रांगेत खुर्ची ठेवा, कंटाळा आला तर उठता येईल.

ए-१०१ आजोबा
माझा विरोध मागे. टिपरेचा रविवार मात्र आत्ताच लिहून ठेवा.

सेक्रेटरी, ए-२०३
ठरलं तर. साडेसातला दूध चुलीवर, आठला साराभाई, चार भाग. भाग बी-५०३ आणि सी-४०१ निवडतील. ज्यांना ऐकायला कमी येतं त्यांच्यासाठी पुढे डावीकडे स्पीकरजवळ खुर्च्या. आता भेळेचं सामान कोण काय देणार तेवढं लिहा.

ए-३०४ काकू
चिंचेची चटणी माझी.

सी-१०२
चुरमुरे, फरसाण.

बी-५०३ (सासूबाई)
नमस्कार. सूनबाई दूध आणायला खाली गेली आहे, फोन इथे राहिला म्हणून सगळं वाचलं. तेव्हा मला मायाचंच पटायचं, हे खरं आहे. आता पुन्हा बघेन तेव्हा कोणाचं पटतं ते बघू. सतीश शाह यांचं काम फार मोठं. आमच्या घराकडून भेळेला सांबार. दोन मोठ्या जुड्या, निवडून, धुऊन.

सेक्रेटरी, ए-२०३
काकू, भेळेत सांबार?

बी-५०३ (सासूबाई)
कोथिंबीर हो. आमच्याकडे सांबार म्हणतात.