मिक्श्चर स्क्रू फिरवूनही आयडलिंगवर काहीच फरक पडत नाही, मदत हवी आहे

जुनं १०० सीसी फोर-स्ट्रोक इंजिन, स्लाइडचा कार्ब्युरेटर. तापल्यावर ॲक्सिलरेटर सोडला की रेस लगेच उतरत नाही, टांगून राहते. आयडल कमी केलं की बंद पडतं. थोडा चोक ओढला की बरं चालतं. मिक्श्चर स्क्रू (आयडलला हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) इंजिनच्या बाजूला आहे; अर्ध्या आट्यापासून तीन आट्यांपर्यंत फिरवला, फरक शून्य. टॅपेट सेट, प्लग नवा, केबलला ढील आहे. कुठे बघू?

उत्तर १: चोकवर सुधारतं म्हणजे मिश्रण लीन आहे, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. पण स्क्रूला इंजिन दादच देत नसेल तर दोष सेटिंगचा नाही, तो आधी शोधा. आयडलवर असताना कार्ब्युरेटर आणि हेडमधल्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा. रेस बदलली तर तिथून हवा ओढतंय. बोल्ट जास्त आवळून फ्लँज (जोडाची चपटी कड) वाकलेली असते, तीही काचेवर ठेवून बघा. गरम इंजिनावर पेट्रोल किंवा क्लीनर अजिबात मारू नका.

उत्तर २: स्लो जेट (आयडलला पेट्रोल देणारी बारीक भोकाची पितळी नळी) काढून उजेडासमोर धरा, भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. तारेने खरवडू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. मिक्श्चर स्क्रू काढून त्याच्या भोकात क्लीनर मारला की स्लाइडखालच्या बारीक छिद्रांतून धार यायला हवी. स्क्रूवर स्प्रिंग, वॉशर, ओ-रिंग (रबरी कडी) याच क्रमाने आहेत ना? ओ-रिंग कडक झाली की आट्यांतून हवा शिरते. जुनी रिंग बऱ्याचदा आत चिकटून राहते आणि कोणाच्या लक्षातच येत नाही.

विचारणारा: तीच होती! चपटी, दगडासारखी. बदलली, आता स्क्रूला फरक पडतोय. सेट कसं करू?

उत्तर २: इंजिन चांगलं तापवा. बंद करून स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत, मग दोन आटे बाहेर. जोरात आवळलात तर टोक तुटून छिद्रात अडकेल. आयडल किंचित वर ठेवून पाव-पाव आटा फिरवा, दर वेळी दहा सेकंद थांबा. तुमच्या स्क्रूवर बाहेर म्हणजे पेट्रोल जास्त. फिल्टरच्या बाजूच्या एअर स्क्रूवर नेमकं उलटं. रेस सर्वांत जास्त होईल तिथे थांबा, आयडल खाली आणा, पुन्हा एकदा तपासा. मग रेस देऊन सोडा: टांगून राहिली तर थोडा बाहेर, आयडलच्या खाली बुडून वर आली तर थोडा आत. तीन आट्यांच्या पुढे जावं लागलं तर स्लो जेट एक नंबर मोठा टाका.