चीअरलीडिंग हा खेळ मानायचा की नाही?

माळरान:
माझी पुतणी अमेरिकेत कॉलेजच्या चीअर टीममध्ये आहे. परवा फोनवर रडवेली होऊन म्हणाली, "काका, मनगट सुजलंय, पण कॉलेजचा फिजिओ आम्हाला बघत नाही. आम्ही खेळाडूंच्या यादीत नाही ना!" तेव्हापासून चैन नाही.

ती बेस आहे, म्हणजे खालून पेलणारी. बास्केट टॉस करताना दोन बेस समोरासमोर उभ्या राहतात, एका हाताने स्वतःचं आणि दुसऱ्याने समोरचीचं मनगट पकडून चौकट करतात. त्या चौकटीवर फ्लायर, म्हणजे वर जाणारी मुलगी, पाय ठेवते. मागून बॅकस्पॉट आकडे मोजते आणि सगळ्या एकदम तिला वर फेकतात. ती हवेत गिरकी घेते आणि पाठीवर खाली येते. झेलायला फक्त मैत्रिणींचे हात. हा खेळ नसेल तर खेळ कशाला म्हणायचं? आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनेही इंटरनॅशनल चीअर युनियनला २०१६ मध्ये तात्पुरती आणि २०२१ मध्ये पूर्ण मान्यता दिली आहे.

सरळरेषा:
पुतणीला लवकर आराम पडो. पण तुमचं म्हणणं पटलं नाही. कष्ट आणि जोखीम म्हणजे खेळ नव्हे. सर्कशीत झोक्यावरचा कलाकारही जीव पणाला लावतो. चीअरलीडिंगचा जन्मच दुसऱ्यांच्या सामन्यासाठी झाला. १८९८ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात जॉनी कॅम्पबेल फुटबॉल संघासाठी प्रेक्षकांकडून घोषणा वदवून घ्यायला उभा राहिला, ती याची सुरुवात.

आणि 'खेळ' म्हटल्याने नुकसान कोणाचं होतं तेही बघा. अमेरिकेतल्या क्विनिपिॲक विद्यापीठाने मुलींचा व्हॉलीबॉल संघ बंद करून त्या जागी चीअर संघ मुलींच्या खेळांत मोजायचं ठरवलं. व्हॉलीबॉलच्या मुली आणि त्यांच्या प्रशिक्षक कोर्टात गेल्या. शिक्षणात लिंगभेदाला बंदी घालणाऱ्या 'टायटल नाइन' कायद्यापुरता हा खेळ धरता येणार नाही, असं न्यायाधीशांनी २०१० मध्ये सांगितलं. २०१२ मध्ये अपिलातही तेच कायम राहिलं. त्या मुलींच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं.

मधली सुट्टी:
निकाल अर्धाच सांगितलात. स्पर्धांचे नियम एकसारखे नाहीत, हंगामाची नीट बांधणी नाही, हा न्यायाधीशांचा आक्षेप होता. पुढे कधीतरी हा खेळ ठरू शकेल, असंही त्यांनी त्यातच लिहिलंय. आणि ती बांधणी होतेय. 'स्टंट' नावाच्या प्रकारात दोन संघ एकाच वेळी मॅटवर उतरतात, तीच कसरत करतात आणि चार क्वार्टरमध्ये गुण मोजले जातात. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना एनसीएएने तो महिलांच्या उदयोन्मुख खेळांत घेतला.

सरळरेषा:
त्यात प्रेक्षकांना चेतवणं नाही, घोषणा नाहीत. म्हणजे चीअर बाजूला काढलं तेव्हा तो खेळ झाला. मी वेगळं काय म्हणतोय? सामन्याच्या कडेला उभं राहणाऱ्या संघाला तोच शब्द लावू नका.

मधली सुट्टी:
पण मुली त्याच, अंगावर घेतलेली जोखीमही तीच! मी स्वतः दोन वर्षं बॅकस्पॉट होते. शुक्रवारी सामन्याच्या कडेला जो पिरॅमिड लावायचो, तोच रविवारी स्पर्धेत अडीच मिनिटांच्या रूटीनमध्ये. एकदा फ्लायर डावीकडे कलली, तिचं कोपर माझ्या जबड्यावर बसलं, तरी तिचं डोकं माझ्या हातात होतं. ते सुटलं असतं तर काय झालं असतं, हा विचार अजून झोप उडवतो. कडेला पडलं की कमी लागतं का?

२०१२ मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने हीच शिफारस केली होती: चीअरलीडिंगला खेळाचा दर्जा द्या, म्हणजे पात्र प्रशिक्षक, वैद्यकीय देखरेख आणि सरावाची सुरक्षित जागा मिळेल.

सरळरेषा:
फिजिओ मिळालाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण उपचारासाठी आधी 'खेळ' हे नाव मिळवावं लागतं, हेच मुळात चूक आहे. नियम बदला ना.

माळरान:
बदलायलाच हवेत. पण पुतणीला पुढच्या आठवड्यात स्पर्धा आहे. काल पुन्हा फोन झाला. मॅट कुस्तीच्या संघाला लागते, म्हणून यांचा सराव जिमच्या लाकडी फरशीवर चालतो. ती मनगटाला पट्टी बांधून उभी राहते, कारण ती नसली तर फ्लायरला झेलायला एक जोडी हात कमी पडतात. मॅट कोणाला आधी मिळणार, फिजिओ कोणाला बघणार, सगळं खेळाडूंच्या यादीवरून ठरतं. मला तिचं नाव त्या यादीत हवंय, याच हंगामात.